हप्ता वाईट महिन्यावर बसवा: महागडी वस्तू उधारीवर देणाऱ्यांसाठी

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानात मी नऊ वर्षं फायनान्सच्या टेबलावर बसले. आता शहापुरात भावाबरोबर आमचं स्वतःचं छोटं दुकान आहे: टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, मोबाईल. गिऱ्हाईक म्हणजे वडगाव-खासबागचे विणकर, उद्यमबागेतल्या फौंड्रीत कंत्राटावर जाणारी पोरं, येळ्ळूर-धामण्याकडचे शेतकरी. यातले बहुतेक जण किंमत विचारतच नाहीत. "हप्ता किती बसतोय ओ?" हाच पहिला प्रश्न. त्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, त्यावर एका घराचं पुढचं दीड वर्ष ठरतं. म्हणून हे आपल्या भागातल्या दुकानदारांसाठी आणि फायनान्सच्या टेबलावर बसणाऱ्या पोरापोरींसाठी लिहिते आहे.

आधी माझ्या हातून काय झालं ते सांगते.

2021 च्या दिवाळीत वडगावची एक मावशी पोराला घेऊन आली. घरात दोन माग, नवराबायको दोघंही त्यावर, साडीमागे मजुरी. तिच्या पदराला सुताचे बारीक धागे चिकटलेले होते आणि बोलता बोलता ती ते चिमटीनं काढत होती. पोराला 48,000 चा फोन हवा होता. डाउन पेमेंट 6,000, बाकी 42,000, हप्ता 2,800, महिने 18. मावशीचं सिबिल, म्हणजे आधीची कर्जं वेळेत फेडल्याची नोंद, चांगलं होतं, कारण संघाचे, म्हणजे बायकांच्या बचत गटातल्या कर्जाचे, हप्ते तिनं कधी चुकवले नव्हते. पाच मिनिटांत कर्जाची फाइल मंजूर झाली. सगळा मजकूर इंग्रजीत होता. मी बोट ठेवीन तिथं तिनं सही केली. लग्नसराई संपली की आषाढात साड्यांची मागणी उतरते आणि माग बसतात, हे शहापुरात वाढलेल्या मला माहीत होतं. तरी मी तिला त्याबद्दल काही विचारलं नाही. त्या फाइलवर मला 400 रुपये मिळाले.

पुढच्या आषाढात ती एकटीच आली. पदरात गुंडाळून आणलेला फोन तिनं काचेवर ठेवला. पडद्यावर हप्ता भरण्याची सूचना होती, बाकी काहीच उघडत नव्हतं. "ह्यात नुस्तं पैसे भरा म्हणून येतंय ओ. पोरगं आता उद्यमबागेत जातंय, सुपरवायझर फोन करतोय खरं लागंना झालाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "संघाचं पण दोन हप्ते तटलेत. आमच्या मालकास्नी सांगू नकासा."

हप्ता थकला की कंपनी फोन लांबून बंद करू शकते, हे मी तिला विकताना सांगितलं नव्हतं. फोन बंद झाला म्हणून पोराची हजेरी बुडाली. हजेरी बुडाल्यावर हप्ता कुठून भरणार? त्या दिवशी मी घरी जाऊन नीट जेवले नाही.

चैन म्हणजे काय, हे आपण ठरवायचं नाही

गरिबानं महाग वस्तू घेऊ नये, असं माझं अजिबात म्हणणं नाही. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्या बाईला मोठा टीव्ही हवासा वाटला तर त्यात वावगं काय? "तुम्हाला हे झेपायचं नाही" असं काउंटरवरून म्हणणं हा अपमान आहे, आणि असा अपमान सोसलेली माणसं शेजारच्या दुकानात जाऊन हट्टानं जास्त महागाची वस्तू घेतात. वस्तू घ्यावी की नाही, हे गिऱ्हाइकानं ठरवायचं. घेतली तर घरातून महिन्याला, वर्षाला काय जाणार, हे त्याला कळेल असं सांगणं आपलं काम. ते सांगूनही वाईट महिन्यात हप्ता बसत नसेल, तर फाइल न करणं हेही आपलंच काम. नगद घ्या, लहान घ्या, थांबून घ्या, हे तिन्ही रस्ते उघडे ठेवायचे. फक्त उधारीचा बंद.

सगळ्यात कठीण गिऱ्हाईक मे महिन्यात येतं. मुलीच्या लग्नात द्यायला फ्रिज, टीव्ही, कपाट, सोफा असं एकदम घ्यायला आलेला बाप. त्याला स्वतःला काहीच नको असतं. अशा वेळी मी एवढंच विचारते, "यातलं कुठलं पुढच्या वर्षी दिलं तर चालेल?" दोनदा मुलगी स्वतःच पुढं होऊन म्हणाली, टीव्ही राहू दे.

चार गोष्टी विचारा, आणि बाईला वेगळं विचारा

कंपनीची फाइल आधार, पॅन, पासबुक आणि सिबिल बघते. घरात या महिन्यात काम आहे का, हे तिला दिसत नाही. ते फक्त समोर बसलेल्या आपल्याला दिसतं. म्हणून फाइल टाकायच्या आधी मी वहीत लिहून घेते: घरात खाणारे किती आणि कमावणारे किती, सध्या कुठकुठले हप्ते चालू आहेत, वर्षातला सगळ्यात हलका महिना कुठला आणि त्यात हातात किती येतं, कमावणारा आजारी पडला तर हप्ता कोण भरणार.

हप्त्यांचा प्रश्न नवऱ्यासमोर विचारलात तर अर्धंच उत्तर मिळतं. आपल्याकडं घरटी बाई कुठल्या ना कुठल्या संघात असते. कधी दोन-दोन संघ, वर गल्लीतली भिशी. मुलाच्या फीसाठी उचललेलं कर्ज नवऱ्याला माहीत नसतं. मी बाईला रंग दाखवायच्या निमित्तानं फ्रिजकडं नेते आणि तिथं विचारते. ती सांगते. दुकानात एखादी बाई कामाला ठेवण्याचं हे एकच कारण असलं तरी पुरेसं आहे. तिथं कळलेलं नवऱ्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

हलका महिना प्रत्येकाचा वेगळा. विणकराचा आषाढ. शेतकऱ्याचा जून, कारण बी-खतात सगळं गेलेलं असतं. ऊसवाल्याचं तर बिल कधी येईल त्यावर. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण उसाचं बिल आल्यावर भरतो असं सांगणाऱ्याला मी त्या 14 दिवसांवर फाइल करून देत नाही. कर्नाटक सरकार बाईला महिन्याला देतं त्या गृहलक्ष्मीच्या 2,000 चंही तसंच. ऑगस्ट 2023 पासून हे पैसे बाईच्या खात्यात येऊ लागले आणि दुकानांत "गृहलक्ष्मीतच फ्रिज" अशी भाषा सुरू झाली. पैसे हक्काचे आहेत, पण कधी दोन-दोन महिने उशिरा येतात, आणि हप्त्याची तारीख त्यांच्यासाठी थांबत नाही. मी ते उत्पन्नात धरत नाही.

माझा हिशोब असा: सगळे हप्ते मिळून, संघाचे धरून, हलक्या महिन्याच्या कमाईच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. त्या मावशीच्या घरी आषाढात 6,000 यायचे. म्हणजे सगळे मिळून 2,000. एकट्या फोनचेच 2,800 होते. पाचवीतल्या पोराला जमेल एवढं हे गणित मी तेव्हा केलं नाही.

रिझर्व्ह बँकेनं 2022 पासून सूक्ष्म कर्जांना एक मर्यादा घालून दिली आहे. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. माझ्या मते निम्मेही फार होतात. भाडं, दूध, शाळेची रिक्षा आणि म्हाताऱ्यांची औषधं उरलेल्या निम्म्यात बसत नाहीत.

व्याज खरं किती ते तोंडानं सांगा

मावशीनं 42,000 उचलले आणि 18 हप्त्यांत 50,400 फेडायचे होते. वरचे 8,400. फायनान्सवाल्यानं मला सांगितलं, "वर्षाला तेरा टक्के पडतात," आणि मी तेच पुढं सांगितलं. पण हा फ्लॅट रेट. निम्मं कर्ज फिटलं तरी व्याज पूर्ण 42,000 वरच लागत राहतं. उरलेल्या रकमेवर धरलं तर तेच व्याज महिन्याला 2 टक्के, वर्षाला 24 टक्के होतं. फ्लॅट दर ऐकला की मी तो मनात दुपटीच्या जवळ धरते. वर्ष-दीड वर्षाच्या हप्त्यांना हा अंदाज फार चुकत नाही.

"शून्य टक्के" हा शब्द तर आमच्या दुकानात बंदच आहे. 30,000 चा फ्रिज, 2,500 चे 12 हप्ते, व्याज शून्य. पण तोच फ्रिज नगद घेणाऱ्याला मी 28,500 ला देते, आणि हप्त्यावाल्याला प्रोसेसिंगचे 590 वेगळे भरावे लागतात. हे दोन्ही धरलं तर शून्याचे साडेतेरा टक्के होतात. 2013 सालीच रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. मी गिऱ्हाइकाला दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून देते: नगद एवढे, हप्त्यानं सगळे मिळून एवढे. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, मोठ्या अक्षरात.

फाइलमध्ये गुपचूप चढवलेल्या वस्तूही तपासा. विमा, वाढीव वॉरंटी, कसलं तरी मेंबरशिप कार्ड. गिऱ्हाइकानं मागितलं नसेल तर काढायला लावा. फायनान्सवाला पोरगा कुरकुर करतो, त्यालाही टार्गेट असतं. तरी काढायला लावा.

आता तर आपल्या हातात एक चांगला कागद आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नव्या किरकोळ (रिटेल) कर्जासोबत मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावंच लागतं. टेबलावर सगळे त्याला केएफएस म्हणतात. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, हप्ता थकला तर दंड किती, कर्ज आधी फेडलं तर काय लागेल, हे सगळं त्यात असतं. आपल्या भागासाठी त्यातला महत्त्वाचा नियम हा, की कागद कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत हवा आणि तो समजावून सांगायला हवा. इथं बहुतेक वेळा इंग्रजी येतो, फार तर कन्नड. येळ्ळूरच्या आजीला मराठीच वाचता येतं. मी कंपनीकडं मराठी कागद मागते. चार वेळा मागितल्यावर एकदा मिळतो. न मिळाल्यास ओळ न् ओळ वाचून दाखवते आणि तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं तर ते थांबतं.

हा कागद किमान तीन कामाचे दिवस ग्राह्य धरावा लागतो. म्हणून मी सांगते, "घरी न्या, शेजारच्या शिकलेल्या पोराकडनं वाचून घ्या, परवा या." काही जण परत येत नाहीत. ते नुकसान मी धरूनच चालते. दुकानाचं भाडं मलाही भरायचं असतं, आणि दिवाळीच्या आठवड्यात हातची फाइल सोडताना जीव थोडा होतोच. "मी नाही दिलं तर समोरचा देणारच" असं भाऊ म्हणतो. देतोही. पण त्या घराची वही मी लिहिलेली असते, समोरच्यानं नाही. ज्याला माहीत आहे त्यानंच थांबायला हवं.

दुसऱ्याच्या नावावर फाइल करू नका

सीमेमुळं हे आपल्याकडं जास्त चालतं. चंदगडकडचं गिऱ्हाईक बाजाराला बेळगावातच येतं, पण आधारवरचा पिनकोड महाराष्ट्राचा, आणि काही कंपन्या ती फाइल इथं घेत नाहीत. मग इथल्या मेहुण्याच्या नावावर टीव्ही. कधी एकाचं सिबिल खराब म्हणून शेजाऱ्याच्या नावावर. हप्ते थकले की नाव खराब होतं त्या मेहुण्याचं, पुढं त्याला घरासाठी कर्ज मिळत नाही, आणि बहिणीचं माहेर तुटतं ते वेगळंच. "नाव तुमचं, वस्तू कुणाच्या घरात जाणार?" एवढा एक प्रश्न विचारला की बहुतेक वेळा खरं बाहेर येतं.

तीन महिने हप्ता भरून बघा, मग वस्तू न्या

ज्यांचं गणित काठावर असतं त्यांना मी हे सांगते. फ्रिजचा हप्ता 2,500 होणार ना? मग आजपासून तीन महिने तेवढेच पैसे वेगळे टाका. माझ्याकडं नको, स्वतःच्या खात्यात, नाहीतर बँकेत आरडी उघडून. गिऱ्हाइकाचे पैसे दुकानात ठेवून घेणं मला पटत नाही. दुकानाचं काही बरंवाईट झालं तर त्यांचं काय?

धामण्याचं एक जोडपं गेल्या वर्षी दोन दारांच्या फ्रिजसाठी आलं होतं. पहिल्या महिन्यात 2,500 पडले. दुसऱ्या महिन्यात सासऱ्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, 1,100 च पडले. तिसऱ्यात 1,900. पासबुक घेऊन दोघं आले तेव्हा बाई थोडी खट्टू होती. मी म्हटलं, बघा की, साडेपाच हजार तुमचे स्वतःचे झाले. त्यांनी 16,500 चा एका दाराचा फ्रिज घेतला, 5,500 डाउन पेमेंट केलं आणि उरलेल्या 11,000 चे 1,100 चे दहा हप्ते करून घेतले. मधला दवाखान्याचा महिना पुन्हा आला तरी 1,100 निघतात, हे त्यांना आता स्वतःच्या पासबुकात दिसत होतं. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायची गरज उरली नव्हती.

हप्त्याची तारीख आणि टेबलावरच्या पोराचा पगार

या दोन गोष्टी पटकन सांगते. कंत्राटी कामगाराचा पगार दहा-बारा तारखेला होतो आणि हप्ता कापला जातो पाच तारखेला. खात्यात पैसे नसले की नॅच, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची सोय, बाउन्स. एका पोराला 1,900 च्या हप्त्यासाठी कंपनीचे 500 आणि बँकेचे 295 भरावे लागले. पैसे त्याच्याकडं येणारच होते, सहा दिवसांनी. तारीख पगारानंतरची मागून घ्या. ज्याचा पगार आठवड्याला होतो, त्या गिऱ्हाइकाला दर शनिवारी हप्त्याचा चौथा हिस्सा खात्यात टाकायची सवय लावा.

टेबलावरच्या पोराला फाइलमागं कमिशन दिलंत तर तो फाइलच करणार. मीही तेच केलं. आमच्याकडं आता पगार पक्का आहे, आणि वरची रक्कम सहावा हप्ता न थकता गेल्यावर मिळते. मग पोरगा आपणहून विचारतो, "मामा, आषाढात काम असतंय का?"

हप्ता थकल्यावर पाठ फिरवू नका

विक्रीच्या दिवशीच सांगून ठेवा: अडचण आली तर तारखेच्या आधी येऊन सांगा, तोंड लपवू नका. आधी कळवलं तर कंपनी कधी तारीख पुढं ढकलते, थकल्यावर क्वचितच. फोन असेल तर हप्ता थकल्यावर कंपनी तो लांबून बंद करते का, हे विचारून घ्या आणि विकायच्या आधीच सांगा.

गिऱ्हाइकाला त्याचे हक्कही माहीत हवेत. वसुलीवाल्यानं सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांसमोर बदनामी चालत नाही. दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. कंपनीकडं लेखी तक्रार करायची आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं. माहितीसाठी नंबर 14448. वस्तूतच खोट असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. नोंदणी नसलेल्या सावकारांच्या आणि मायक्रो फायनान्सवाल्यांच्या जाचाविरुद्ध कर्नाटकानं फेब्रुवारी 2025 मध्ये अध्यादेश काढला, पुढं त्याचा कायदा झाला, त्यात 10 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. असा कुणी दारात येऊन बसला तर पोलिसांत जायला घाबरू नका. दोन्ही नंबर मी काउंटरच्या काचेखाली मराठीत लिहून ठेवले आहेत. वसुलीवाला गिऱ्हाइकाचा पत्ता किंवा भावाचा नंबर विचारत दुकानात आला तर आम्ही देत नाही.

त्या मावशीबरोबर मी कंपनीच्या ऑफिसात गेले होते. दोन तास बसलो तेव्हा दंडातला काही भाग सुटला. माझे 400 मी त्यात घातले, पण थकलेले हप्ते तिनंच भरले, कानातली फुलं गहाण ठेवून. फोन त्याच संध्याकाळी चालू झाला. फुलं सोडवायला गेल्यावर व्याज वाढलेलं होतं, ती सुटली नाहीत, तिथंच गेली. खासबागच्या बाजारात ती मला अधूनमधून दिसते. कानाची भोकं बुजू नयेत म्हणून तिनं त्यात कडुनिंबाच्या काड्या घातलेल्या असतात.